दोन बहिणींच्या दोन बाटल्या

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. त्यापुढं जे काही शिकले ते चिलटांकडून. गंमत म्हणून लिहीत नाही. केळं जास्त पिकलं की त्याच्याभोवती घिरट्या घालतात ती बारकी चिलटं. ती वाढवायची, त्यांना रांधून घालायचं, त्यांच्या जोड्या लावायच्या आणि त्यांची पोरं मोजायची, हे काम मी लग्नाआधी तीन वर्षं बारामतीच्या एका कॉलेजात केलं. आबा, म्हणजे माझे वडील, तिथं शिपाई होते. जीवशास्त्राच्या सरांना हाताखाली कोणीतरी हवं होतं. आधीचा गडी बाटल्या फोडायचा आणि आकडे मनानं लिहायचा. आबा सरांना म्हणाले, "माझी धाकटी बघा. तांदळातला खडा लांबनं वळखती. बोलायला लागली की थांबत न्हाय, येवढाच दोष." सरांनी पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर मेलेली पंधरा-वीस चिलटं ठेवली, माझ्या हातात भिंग दिलं आणि यांच्यात काय फरक दिसतो म्हणून विचारलं. मी रंगाच्या ब्रशनं त्यांचे दोन ढीग केले. म्हटलं, ह्यांचा बुडखा गोल आणि काळा हाय, ह्यांचा टोकदार हाय, आन् ह्या अंगानं थोराड हायेत. सर म्हणाले, "हे नर, ह्या माद्या. उद्यापासून ये." आजही घरात केळ्यावर चिलट बसलं की मी आधी त्याचा बुडखा बघते. सुनेला ते आवडत नाही.

आमचं घर कॅनॉलच्या पलीकडं, दोन खोल्यांचं. घरात सतत शिंका. आई बाजारातल्या व्यापाऱ्याकडून वाळल्या मिरचीची पोती आणायची आणि देठ खुडून परत द्यायची. आम्ही बोलायचो ते शिंकांच्या मधनं. हुलग्याचं माडगं प्यायलो तरी त्याला मिरचीचा वास, अंथरुणाला मिरचीचा वास. आई पदर नाकाला बांधून बसायची. थोरली बहीण शांता, तिला मी अक्का म्हणायची, ती भिंतीला टेकून. आणि मधला भाऊ दत्तू, म्हणजे दादा, एक पाय लांब करून. त्याचा तो गुडघा वाकतच नसे. दादाला काही लागलं की रक्त थांबायचं नाही. बाहेर आलं नाही तर आत साचायचं. नुसता उंबऱ्याला अडखळला तरी गुडघा कवठाएवढा फुगायचा आणि तो तीन-तीन दिवस उशी चावत पडायचा. अक्का त्याच्यापाशी बसायची. ओल्या फडक्यानं गार करायचं, पाय हलू द्यायचा नाही, उशी कुठं सारायची, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मी मात्र त्याच्या कण्हण्याला कंटाळून कामावर लवकर निघायची. लोकांना आई सांगायची, लहानपणी लिंबावरनं पडला. दादा आयुष्यात झाडावर चढला नव्हता. आईचा भाऊ, आमचा सुप्याचा मामा, दाढ काढल्यावर रक्त न थांबून गेला होता. त्याचं सांगायचं ते तापानं गेला असं.

दादाचं आणखी एक होतं. त्याला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नसे. अर्धवट हिरव्या मिरच्या तो खुशाल लाल ढिगात टाकायचा. आई ओरडायची, "आरं, डोळं हायेत का चिंचोकं?" मामाचंही तसंच होतं. बायकोला लाल लुगडं आणतो म्हणून बाजारातनं हिरवंगार घेऊन आला होता, आणि मामी ते नेसून 'ह्ये बघा आमचं लाल लुगडं' म्हणत आळीभर फिरली होती. हे सगळे हसून सांगायचे. रक्ताचं कोणी सांगायचं नाही.

कॉलेजातली ती खोली मला घरापेक्षा आवडायची. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि अगर नावाची पांढरी पूड पाण्यात घालून मी मोठ्या पातेल्यात रटरट शिजवायची. लापशीसारखा वास सुटायचा. बुरशी येऊ नये म्हणून शेवटी त्यात औषध टाकायचं असे. ते टाकायच्या आधी एक वाटी काढून मी खायची. सरांनी पकडलं तेव्हा म्हणाले, "चिलटांच्या तोंडचा घास काढतेस?" मग ते बाटल्यांत ओतायचं, वडीसारखं घट्ट झालं की चिलटं सोडायची आणि तोंडाला कापसाचा बोळा लावायचा. दहा-बारा दिवसांत बाटली नव्या चिलटांनी भरून जायची. त्यांना इथरनं झोपवायचं, फरशीवर ओतायचं आणि भिंगाखाली मोजायचं. नव्या निघालेल्या माद्या काही तासांच्या आत नरांपासून वेगळ्या काढाव्या लागत, नाहीतर कोणाची पोरं कोणाची ते कळत नाही. म्हणून मी उजाडताच बाहेर पडायची. आबा न्याहारीची भाकरी मोडत म्हणायचे, "चिलटांच्या बी पोरी राखाव्या लागत्यात म्हणा की!" आई म्हणायची, "घरातल्या दोन राखल्या तरी लई झालं."

साध्या चिलटाचे डोळे लाल असतात. सरांनी पांढऱ्या डोळ्यांची चिलटंही सांभाळली होती. पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल डोळ्यांचा नर एकत्र ठेवले की मुली सगळ्या लाल डोळ्यांच्या निघत आणि मुलगे सगळे पांढऱ्या. पहिल्यांदा मला वाटलं मी चुकले. परत मोजलं. तेच. तेव्हा सरांनी दोऱ्यात मणी ओवून दाखवलं. आईकडं असे दोन दोरे. बापाकडं एकच, आणि दुसऱ्याच्या जागी नुसता एक तुकडा, त्याच्यात डोळ्याच्या रंगाचा मणीच नाही. मुलीला आईचा एक दोरा आणि बापाचा एक दोरा मिळतो. मुलाला आईचा एक दोरा आणि बापाचा तो तुकडा. मुलीत एक मणी पांढरा असला तरी दुसऱ्या दोऱ्यातला लाल त्याला झाकतो. डोळे लाल दिसतात, पांढरा आत राहतो. मुलाला झाकायला दुसरा दोरा नसतो, म्हणून त्याच्यात तो बाहेर येतो. मला हे एका बैठकीत समजलं. सर म्हणाले, वर्गातल्या मुलांना आठवडा लागला. त्याचा मला फार गर्व झाला आणि तो गर्व पुढं नडला.

मग सरांनी पिवळ्या अंगाची आणि पांढऱ्या डोळ्यांची चिलटं आणली. पिवळं अंग आणि पांढरे डोळे जोडीनंच उतरायचे, कारण ते दोन मणी एकाच दोऱ्यात, अगदी शेजारी. मोजता मोजता एखादंच चिलट असं सापडायचं की डोळे पांढरे पण अंग नेहमीच्या रंगाचं. तसं सापडलं की सर खुर्चीवरून उठायचे. म्हणायचे, इथं आईचे दोन दोरे एकमेकांत अडकून तुटले आणि उलटे जोडले गेले. मणी जितके लांब लांब तितकं हे तुटणं जास्त. जवळचे मणी सहसा सोबत सोडत नाहीत. हे ऐकता ऐकता माझ्या डोक्यात मामा आणि दादा आले.

"सर, माणसांचं बी असंच असतं का?"

"का गं?"

मी रक्ताचंही सांगितलं आणि लाल-हिरव्याचंही. सरांनी भिंग खाली ठेवलं. "दोन्ही एकाच दोऱ्यात असतात," ते म्हणाले. "आईच्या दोऱ्यात. पुस्तकात वाचलं होतं, असं घर पहिल्यांदा ऐकतोय." पांढऱ्या डोळ्याचं वेगळं चिलट सापडल्यावर व्हायचा तसा त्यांचा चेहरा झाला, आणि लगेच ते ओशाळले. "तुम्ही बहिणी किती?"

"दोघी."

"तो दोरा तुझ्यात आला असेल किंवा नसेल. तुझ्या बहिणीत आला असेल किंवा नसेल. अर्धी-अर्धी शक्यता, प्रत्येकीची वेगळी. दोघींतही असेल, दोघींतही नसेल. बघून कळत नाही." मग म्हणाले, "घरी हे अर्धवट बोलू नकोस. मी पुण्याच्या डॉक्टरांना लिहितो. ते नीट समजावून सांगतील."

त्याच दिवसांत आमचं एक काम चाललं होतं. आत पांढरा मणी असलेल्या एका मादीच्या लाल डोळ्यांच्या मुली घेतल्या होत्या आणि प्रत्येकीला लाल डोळ्यांच्या नरासोबत वेगळ्या बाटलीत ठेवलं होतं. बाटल्यांना मीच नंबर घातले होते. तीन नंबरच्या बाटलीत पांढऱ्या डोळ्यांचे मुलगे निघाले. चार नंबरच्यातही निघाले. पुढच्या तीन बाटल्यांत ओळीनं एकही नाही. सर म्हणाले, "बघ, बहिणी असल्या म्हणून वाटून घेत नाहीत." ते आकडे वहीत मी माझ्या हातानं लिहिले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं मी जे केलं ते अडाणीपणानं केलं असं कोणी म्हणू नये.

आबांची बहीण इंदापूरकडं दिली होती. आत्याकडं उसाचं रान, आणि तिचा मुलगा मुरलीधर कारखान्याचा ऊस ट्रॅक्टरनं ओढायचा. भावाच्या मुलीवर आत्याचा हक्क असतो, त्यामुळं अक्का मुरलीधरला द्यायची हे ती परकरात असल्यापासून सगळे धरून चालले होते. मला मुरलीधर आवडायचा. तो आला की ट्रॅक्टर कॅनॉलच्या भरावावर उभा करायचा, आणि अक्काकडं न बघता माझी थट्टा करायचा, "काय माशीमास्तरीण, आज किती बाळंतपणं केली?" मी उलटं बोलायची, तो हसायचा, अक्का मान खाली घालून मिरच्या खुडायची. तो अक्काशी बोलत नव्हता ते लाजेनं. हे न कळण्याइतकी मी खुळी नव्हते.

उसाचा हंगाम संपल्यावर आत्या बोलणी पक्की करायला आली. शेंगांचं गाठोडं, घरच्या गुळाची ढेप आणि अक्काला एक पातळ. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याबरोबर कॅनॉलवर धुणं घेऊन आली. आत्या बोलता बोलता माणसाच्या पोटातलं काढून घ्यायची. चोळी घासता घासता तिनं विचारलं, "सुले, दत्तूचं खरं काय हाय? लिंबावरनं पडलेलं पोर इतकी वर्सं असं झिजत न्हाय."

मी चादर पिळत होते. पिळतच राहिले.

"मी काय परकी हाय व्हय? उद्या शांती माझ्या घरात यायची. तू तिची भन. तू न्हाय सांगायचं तर कुनी?"

"रगताचं हाय आत्या. आयच्या म्हायेरचं. सुप्याचा मामा बी त्यानंच गेला."

आत्याच्या हातातला साबण पाण्यात गेला. तिनं तो शोधला नाही.

"वैनीनं आमाला कदी कळू दिलं न्हाय. आन् पोरींचं काय?"

"पोरींना काय हुत न्हाय. त्यांच्या पोटच्या पोरात उतरतं."

"दोघींच्या बी?"

ह्या जागी मी थांबले होते. किती वेळ ते आठवत नाही, पण खरं बोलायला पुरला असता इतका वेळ होता.

"न्हाय. आयचे दोन धागे असत्यात. दोन पोरी, एकीला एक, एकीला दुसरा."

"मग वंगाळ धागा कुनाकडं?"

"अक्का मामावर गेलीया. केस बघ की कसं कुरळं. करंगळी बी तशीच वाकडी. एका धाग्यातलं समदं संगंच येतं."

"तुला ह्ये कुनी सांगितलं?"

"कालिजातल्या सरांनी."

सरांचं नावही मी त्यात ओढलं. केसांचा आणि करंगळीचा त्या दोऱ्याशी काही संबंध नाही, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. सरांनी नीट सांगितलं होतं की त्या दोऱ्यात जे ओवलं असेल तेवढंच जोडीनं जातं. पण आत्याला माझं म्हणणं लगेच पटलं. आमच्यात आईचं जे काही असतं ते लेकींत वाटलं जातं. जोडवी एकीला, वजरटीक दुसरीला. एक वस्तू दोघींना मिळत नाही. रक्तही तसंच वाटलं जात असणार, ही आत्याची चूक होती. माझा तो खोटेपणा होता.

दोन दिवसांनी आत्यानं आबांना समोर बसवलं आणि धाकटी मागितली. आई म्हणाली, "वन्सं, थोरली घरात आसताना धाकटी? लोकं काय म्हंतील?" आत्या म्हणाली, "थोरलीचं रगत तुमच्या सुप्याचं हाय, वैनी. तुमी झाकलं, पन झाकून ऱ्हातंय व्हय? मला माझ्या दारात लंगडी नातवंडं नकोत." आतल्या खोलीत अक्का भाकरी थापत होती. थापायचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला, पहिल्याइतकाच. आबांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली आणि बहिणीला हो म्हणाले. आईला वाटलं हे सुप्याच्या मामीनंच फोडलं. ती मरेपर्यंत मामीशी बोलली नाही. मामी दारात येऊन रडून गेली तरी आईनं तिला पाणी विचारलं नाही. मी तिथंच बसले होते.

त्या संध्याकाळी दादानं मला हाक मारली.

"सुले, माझ्यापायी अक्काचं मोडलं व्हय?"

"न्हाय रं. पत्रिका जुळली न्हाय."

"मग तुझी कशी जुळली?"

मी काहीतरी काम काढून बाहेर गेले. दादाला जेमतेम वीस वर्षं झाली होती आणि आपण म्हणजे घराची खोड, हे त्याला त्या दिवशी कळलं. सरांनीही विचारलं, घरी काही बोललीस का? मी म्हटलं, नाही. त्यांनी पुण्याला पत्र लिहिलं होतं, त्याचं उत्तरही आलं होतं. पण मी लग्नामुळं काम सोडतेय म्हटल्यावर ते पत्र त्यांनी टेबलाच्या खणात ठेवलं. "सुखी राहा," म्हणाले. मोजणारी इतकी चांगली मुलगी परत मिळायची नाही, असंही म्हणाले.

हळद मला अक्कानंच लावली. तिच्या हाताला मिरचीची आग असायची, ती हळदीतूनही लागली. लग्न होऊन मी इंदापूरला आले. उसाचं रान, दारात ट्रॅक्टर, सकाळी कारखान्याचा भोंगा. हवं ते मिळालं आणि मी सुखात होते. ते खोटं कशाला लिहू? आमचे मालक पहिलं वर्षभर माझ्याशी तुटक वागले, मग निवळले. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पाचेक वर्षांपूर्वी ते गेले. दादा गेला तो माझ्या लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी. पोटात रक्त झालं होतं. मी तेव्हा बाळंतीण होते, मंगल झाली होती, म्हणून गेले नाही. अक्काला पुढं एक-दोन ठिकाणांहून विचारणा आली. पण बारामती-इंदापूरकडची भावकी म्हणजे एका परातीतल्या शेंगा, इकडून हलवलं की तिकडं वाजतं. आलेले परत फिरले. आबांनी मग विषयच सोडला.

मंगलनंतर विलास झाला. सव्वा वर्षाचा असताना त्याचं जावळ काढलं. वस्तऱ्याचा बारीकसा धक्का डोक्याला लागला, दिसेल न दिसेल असा. न्हाव्यानं तुरटी लावली. जेवणं उरकली, पाहुणे गेले, रक्त झिरपतच होतं. दुसऱ्या दिवशीही. तालुक्याच्या डॉक्टरनं पट्टी बांधली, ती भिजली. सासूबाई, म्हणजे आत्याच, विलासला मांडीवर घेऊन फडकं दाबून बसल्या होत्या. घरात आम्ही दोघीच होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"कॅनॉलवर तू मला काय सांगितलं हुतं, सुले?"

मी दुसरं कोरडं फडकं घडी करून त्यांच्या हातात दिलं.

"म्हंजी शांती चांगली हुती," त्या म्हणाल्या. त्यांच्या मनात अजून ती वाटणीच होती. एक धागा इकडं, म्हणजे दुसरा तिकडं. त्यांना काय सांगणार? मग त्या म्हणाल्या, "तिला बलवा. तिला ह्यातलं कळतंय."

अक्का तिसऱ्या दिवशी एस.टी.नं आली. पिशवीत तिची दोन लुगडी आणि दादाची जुनी मऊ उशी. रक्त तोवर थांबलं होतं, पण पोर पांढरंफटक पडलं होतं. तिनं त्याला घेतलं, सांधे चाचपून बघितले, मला सांगितलं की ह्याला दाढा यायच्या दिवसांत जपायचं, चालता-पडताना लागू नये म्हणून गुडघ्याला चिंध्या बांधायच्या, सुई टोचू द्यायची नाही. मी ऐकत होते. मग मी म्हटलं, "अक्का, आत्याला ते मी सांगितलं हुतं."

"म्हाईत हाय. त्या टायमाला आत्यानंच निघताना मला सांगितलं. म्हनली, तुझ्या भनीनं वाचिवलं आमाला."

"मग तू मला कदी बोलली का न्हाईस?"

"काय बोलायचं? म्हनलं, माझ्यात हाय तर सुली मोकळी हाय. दोघींतली एक तर सुटली." तिनं विलासच्या डोक्यावरची पट्टी सारखी केली. "आता बघ."

अक्का आमच्याकडं नऊ वर्षं राहिली. विलासची शाळा घरापासून दूर होती. त्याला कडेवर घेऊन ती जायची, शाळेच्या ओट्यावर बसायची आणि सुटल्यावर घेऊन यायची. शेजारच्या बायका तिला विलासची आई समजायच्या, आणि मी ते दुरुस्त करायची. तेवढा हावरेपणा माझ्यात तेव्हाही शिल्लक होता. आता ह्या आजाराची इंजेक्शनं मिळतात. विलासचा डावा गुडघा वाकत नाही, पण तो पन्नाशीकडं आला आहे आणि कारखान्याच्या ऑफिसात खुर्चीवर काम करतो. तो जगला तो अक्कामुळं. आबा थकल्यावर ती बारामतीला परत गेली, त्यांचं केलं, पुढं मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला राहिली. आता त्याच जुन्या दोन खोल्यांत एकटी असते.

गेल्या वर्षी मंगलच्या मुलीचं, प्राजक्ताचं, लग्न ठरलं. ह्या खेपेला काही झाकायचं नाही असं मी मंगलला बजावलं होतं. मुलाला सगळं सांगितलं. तो घाबरला नाही, म्हणाला, पुण्याला जाऊन तपासू या. डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी कागदावर घराण्याची आकृती काढली, पुरुषाला चौकोन, बाईला गोल. मामाचा चौकोन काळा, दादाचा काळा, विलासचा काळा. आईच्या आणि माझ्या गोलात त्यांनी ठिपका दिला. अक्काचा गोल काढला आणि आत प्रश्नचिन्ह घातलं. मी म्हटलं, लग्न झालं नाही तिचं. त्या म्हणाल्या, "मग त्यांची तपासणी गरजेची नाही. आल्या तर तेही कळेल." मंगलमध्ये निघालं. प्राजक्तात नाही. लग्न झालं, ती खुशीत आहे.

मला मात्र ते प्रश्नचिन्ह सुटेना. जेवताना दिसायचं. डॉक्टरीण बाईंना मी दारात गाठून विचारलं होतं, माझ्यात होतं म्हणजे बहिणीत नसणार, असं असतं का? त्या म्हणाल्या, "नाही आजी. तुमच्यात असण्याचा आणि त्यांच्यात असण्याचा काही संबंध नाही." हे मला सतराव्या वर्षी माहीत होतं. तरी बाईंच्या तोंडून ऐकायचं होतं. खरं काय ते लिहिते. अक्कातही ते निघावं अशी माझी इच्छा होती. निघालं तर तिचं लग्न मोडलं ते बरंच झालं असं म्हणता येईल, माझं बोलणं खोटं असलं तरी नेमकं बसलं असं म्हणता येईल. बहिणीच्या रक्तात आजार निघावा म्हणून मी देवाला हात जोडले आहेत.

दिवाळीनंतर मी बारामतीला गेले. अक्का ओट्यावर ऊन खात बसली होती. केस सगळे पिकलेत, कुरळे तसेच. मी म्हटलं, "अक्का, पुण्याला चल. नुसतं रगत द्यायचं. विलास मोटार पाठवतो म्हनला."

"मला काय झालंय?"

"काय न्हाय झालं. तुझ्यात ते हाय का न्हाय, येवढं कळंल."

"कुनासाठी?"

मला वाटलं तिला ऐकू आलं नसेल. परत सांगायला लागले. तिनं हात वर केला.

"मला पोर न्हाय, नात न्हाय. मंगलचं बघून झालं, प्राजूचं झालं. मग माझं रगत कुनासाठी बघायचं?"

"कळलेलं बरं आसतं."

"तुला बरं आसतं." ती रागावली नव्हती. विलासला समजावताना बोलायची तशी बोलली. "हाय निघालं तर तू निवांत झोपशील. आन् न्हाय निघालं तर? मी इतकी वर्सं म्हनत आलीया, माझ्या पोटी दत्तूसारखं पोर आलं आसतं, त्यापरीस बरं झालं. न्हाय निघालं तर म्या काय म्हनायचं, सुले? ह्या वयात?"

मी माफी मागायला आले नव्हते, हे तिनं ओळखलं होतं. तेव्हा तरी मागायला हवी होती. मागितली नाही. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत जाता जाता म्हणाली, "जेवून जा. आता परत कवा येशील." तिनं वाढलं, मी जेवले, आणि दुपारच्या एस.टी.नं इंदापूरला परत आले.